तार जोडलेली, वाहतूक भलतीकडून: तीन मजली घरातल्या वायर्ड मेशचं एक प्रकरण

वायर्ड मेश, म्हणजे घरभर एकच वाय-फाय देणारी आणि केबलने जोडलेली अनेक युनिटं, बसवणाऱ्या बहुतेकांचा समज असतो की प्रत्येक युनिटपर्यंत केबल पोचली की काम झालं. त्या केबलवरून वाहतूक खरोखर जाते का, जात असेल तर किती वेगाने, आणि त्या जाळ्यात प्रत्येक यंत्राला आयपी पत्ते वाटणारं यंत्र नेमकं कोणतं, हे तीन प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, कारण ॲपमध्ये सगळ्या युनिटांपुढे हिरवी खूण दिसत असते. या घरात तिन्ही प्रश्नांची उत्तरं चुकीची निघाली. तीन दोष एकमेकांवर बसले होते, आणि घरच्यांना वरून एकच तक्रार दिसत होती: संध्याकाळी नेट चालत नाही.

घर आणि मांडणी

तळमजल्यावर दाराजवळ इंटरनेट कंपनीचा फायबरचा डबा. तो ओएनटीही आहे आणि राउटरही. म्हणजे फायबरमधून येणारा सिग्नल इथरनेटवर (साध्या नेटवर्क केबलवर) आणतो, घरातल्या यंत्रांना पत्ते वाटतो आणि स्वतःचा वाय-फायही चालवतो. प्लॅन ३०० एमबीपीएसचा. त्या डब्याला मेशचं मुख्य युनिट जोडलेलं. मुख्य युनिटच्या दुसऱ्या पोर्टमधून निघालेली केबल जिन्याखालच्या आठ पोर्टच्या साध्या गिगाबिट (१००० एमबीपीएसच्या) स्विचमध्ये, म्हणजे एका केबलला अनेक यंत्रं जोडायच्या डब्यात. स्विचला तळमजल्यावरचा टीव्ही, आणि भिंतीतल्या पाइपातून वर गेलेल्या दोन केबल: एक पहिल्या मजल्यावरच्या कामाच्या खोलीत, दुसरी गच्चीवरच्या खोलीत. दोन्ही ठिकाणी मेशचं एकेक युनिट.

इथवर सगळं नीट आहे. विशेष म्हणजे स्विच मुख्य युनिटच्या खाली होता. तो थेट फायबरच्या डब्याला जोडला असता, तर मेश राउटर मोडमध्ये, म्हणजे स्वतः पत्ते वाटत, असताना बाकीची युनिटं मुख्य युनिटच्या बाहेरच्या बाजूला पडली असती, आणि या चुकीने कितीतरी घरांत गोंधळ होतो.

गच्चीवर मात्र भिंतीतली केबल थेट मेशच्या युनिटमध्ये जात नव्हती. मध्ये मेशच्या आधीच्या काळातला एक जुना राउटर होता. भिंतीतली केबल त्याच्या एका लॅन पोर्टमध्ये (घरातल्या यंत्रांसाठीच्या), दुसऱ्या लॅन पोर्टमधून मेशचं युनिट, तिसऱ्यातून टेबलावरचा कॉम्प्युटर. त्याचा वॅन पोर्ट (इंटरनेटच्या केबलसाठीचा) रिकामा. घरातला कॉलेजात जाणारा मुलगा म्हणाला, "दादा, तो राउटर मी फक्त पोर्टसाठी ठेवलाय. त्याला इंटरनेट जोडलेलंच नाही, म्हणजे तो काही करत नसणार." हा राउटर टेबललॅम्पच्याच पॉवर स्ट्रिपवर होता. मेशचं युनिट वेगळ्या सॉकेटवर, कायम चालू. हा बारकावा पुढे फार कामाला आला.

तक्रारी, त्यांच्याच शब्दांत

पहिल्या मजल्यावरून नोकरीचं काम करणाऱ्या ताईंचं म्हणणं होतं, की त्यांच्या खोलीत स्पीड टेस्ट कधीच नव्वद-पंचाण्णवच्या वर जात नाही. संध्याकाळी एखाद्या फोनवर "वाय-फाय जोडलेला आहे, इंटरनेट नाही" असं यायचं, आणि शेजारी बसलेल्या माणसाचा फोन मात्र व्यवस्थित चालायचा. प्रिंटर काही फोनांना दिसायचा, काहींना नाही. आणि मधूनच अख्खं घर ठप्प व्हायचं. मग कोणीतरी खाली जाऊन सगळे डबे बंद करून चालू करायचं, आणि थोडा वेळ बरं चालायचं.

घरच्यांनी निदान केलेलंच होतं. संध्याकाळी कंपनीकडे गर्दी होते आणि मेशचा संच हलक्या प्रतीचा आहे. चौथं युनिट घ्यावं की संचच बदलावा, एवढंच ठरायचं बाकी होतं.

अशा वेळी सगळ्या तक्रारींना एकच कारण शोधायचा मोह आवरावा लागतो. "वेग नेहमीच कमी" आणि "कधीकधी सगळं बंद" ही दोन वेगळ्या जातीची लक्षणं आहेत. कायम असणारा दोष बहुधा तारेत किंवा रचनेत असतो. येऊन-जाऊन असणाऱ्या दोषाला चालना देणारी एखादी घटना असते, आणि ती घटना सापडेपर्यंत यंत्रं बदलून उपयोग होत नाही.

आधी नकाशा, मग हात लावणं

कोणतीही सेटिंग बदलण्याआधी कागदावर नकाशा काढला. कोणता डबा, त्याच्या कोणत्या पोर्टमधून कोणती केबल कुठे जाते, त्याचा आयपी पत्ता काय, तो पत्ते वाटतो का, वाय-फाय सोडतो का आणि कोणत्या नावाने. या कामाला वेळ लागतो आणि ते कंटाळवाणं आहे, पण या प्रकरणातला निम्मा उलगडा त्या कागदावरच झाला.

फायबरच्या डब्याचा आतला पत्ता १९२.१६८.१.१. मेशचं मुख्य युनिट राउटर मोडमध्ये, पत्ता १९२.१६८.६८.१. म्हणजे मेशवरची सगळी यंत्रं ६८ च्या जाळ्यात, आणि थेट डब्याच्या वाय-फायवर असलेली १ च्या जाळ्यात. घरात दोन जाळी आणि मध्ये दुहेरी नॅट, म्हणजे अनेक यंत्रांचे पत्ते एका पत्त्यामागे झाकण्याचं काम दोनदा. डब्याच्या सेटिंगमध्ये बाहेरचा पत्ता पाहिला, तर तो १०० ने सुरू होत होता आणि १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला होता. हा पट्टा २०१२ साली इंटरनेट कंपन्यांच्या सामायिक नॅटसाठी राखून ठेवण्यात आला. म्हणजे कंपनीच्या बाजूलाही एक नॅट होताच. ही माहिती पुढे एका निर्णयात लागली.

वाय-फायच्या नावांच्या रकान्यात जुन्या राउटरपुढे मेशचंच नाव आणि मेशचाच पासवर्ड निघाला. एकच नाव असलं की फोन आपोआप बदलतो, असं वाचून मुलाने ते तसं ठेवलं होतं. ते खरंही आहे, पण सगळे वाय-फाय एकाच जाळ्याचे असतील तरच. इथे त्या एका नावामुळे जुना राउटर नजरेआड झाला. फोनच्या यादीत एकच नाव दिसतं, त्यामागे किती रेडिओ आहेत ते दिसत नाही. वाय-फाय ॲनालायझरमध्ये प्रत्येक रेडिओचा मॅक पत्ता (यंत्राला कारखान्यात मिळालेला ओळखक्रमांक) दिसतो, आणि तिथे एका निर्मात्याच्या पत्त्यांमध्ये एक परका पत्ता चटकन डोळ्यात भरला.

पहिला दोष: नव्वदच्या वर न जाणारा वेग

स्पीड टेस्टमध्ये सतत चौऱ्याण्णवच्या आसपास आकडा येत असेल, तर वाय-फायचा विचार बाजूला ठेवून आधी केबल पाहावी. १०० एमबीपीएसच्या इथरनेट लिंकवर माहितीच्या प्रत्येक तुकड्यावरच्या शीर्षकांचा (पत्ता वगैरे) खर्च वजा जाता प्रत्यक्षात मिळणारा वेग साधारण ९४ एमबीपीएस असतो. गिगाबिट लिंकवर तोच आकडा साधारण ९४० येतो. वाय-फायचा वेग सतत खालीवर होत असतो. तो रोज एकाच आकड्यावर अडत असेल, तर वर कुठेतरी छत आहे.

इंटरनेटवरच्या स्पीड टेस्टमध्ये कंपनी, केबल आणि वाय-फाय या तिन्हींची सरमिसळ होते. म्हणून मोजणी घरातल्या घरात केली. एक लॅपटॉप जिन्याखालच्या स्विचला, दुसरा पहिल्या मजल्यावरच्या भिंतीतल्या सॉकेटला, दोन्हींवर आयपर्फ हा वेग मोजायचा प्रोग्रॅम. आकडा ९४. दुसरा लॅपटॉप खाली आणून त्याच स्विचच्या शेजारच्या पोर्टमध्ये लावला, तर ९४० च्या जवळ. स्विच आणि लॅपटॉप निर्दोष सुटले. सॉकेटपासून लॅपटॉपपर्यंतची पॅच कॉर्ड बदलून पाहिली, फरक नाही. उरली ती भिंतीतली केबल आणि तिची दोन टोकं.

१०० एमबीपीएसच्या इथरनेटला केबलमधल्या चार जोड्यांपैकी दोनच लागतात, पिन १-२ आणि ३-६. गिगाबिटला, म्हणजे १९९९ साली मानक झालेल्या १००० बेस-टीला, चारही जोड्या लागतात. दोन्ही टोकांची यंत्रं वेग ठरवण्याची बोलणी मात्र पहिल्या दोन जोड्यांवरच करतात. त्यामुळे उरलेल्या जोड्यांत एखादी तार तुटलेली असली, तरी बोलणी यशस्वी होतात, दोघं गिगाबिटवर राजी होतात आणि प्रत्यक्ष लिंक उभी राहताना अडतात. बरीच यंत्रं मग मुकाट्याने १०० वर उतरतात. दिवा लागतो, इंटरनेट चालतं, ॲपमध्ये "वायर्ड" लिहून येतं. त्यातलं एक अक्षरही खोटं नसतं, आणि म्हणूनच हा दोष वर्षानुवर्षं लपून राहतो.

केबल टेस्टरने निळ्या जोडीतली चौथ्या पिनची तार तुटक दाखवली. भिंतीतला सॉकेट उघडला, तर निळी तार तिच्या खाचेत नीट दाबलेली नव्हती, नुसती टेकलेली होती. तिथलं टोक कापून आठही तारा टी५६८बी या ठरावीक रंगक्रमाने पुन्हा बसवल्या. दुसरं टोक आधीपासून त्याच क्रमात होतं. क्रम टी५६८ए असो वा बी, दोन्ही टोकांना एकच हवा. तार दाबताना जोडीचा पीळ खाचेच्या अगदी जवळपर्यंत ठेवायचा. सोपं जावं म्हणून लोक तो भरपूर उलगडतात, आणि मग केबल टेस्टरवर पास होते पण वेगात मार खाते.

पुन्हा मोजलं, ९४० च्या आसपास. ताईंच्या खोलीतला स्पीड टेस्ट प्लॅनच्या वेगाला पोचला. चौथ्या युनिटचा विषय तिथेच मिटला.

दुसरा दोष: पत्ते वाटणारे दोघं

सकाळी तपासलं तेव्हा मेशवरच्या प्रत्येक फोनला ६८ च्या जाळ्यातला पत्ता होता. कुठेही गडबड नाही. गच्चीवरची पॉवर स्ट्रिप बंद होती, आणि त्या वेळी तिचं महत्त्व कोणाच्याच लक्षात आलेलं नव्हतं. म्हणून घरच्यांना सांगितलं, की संध्याकाळी नेहमीसारखंच सगळं चालू द्या, काही बिघडलं तरी रीस्टार्ट करू नका, मला तसंच पाहायचं आहे. बिघाड सुरू असतानाचं जाळं हाच सगळ्यात मोठा पुरावा असतो, आणि रीस्टार्टने तो पुसला जातो.

संध्याकाळी एका फोनने "इंटरनेट नाही" म्हटलं. त्याचा पत्ता पाहिला, तर १९२.१६८.१.१०३, गेटवे (जाळ्याबाहेर जायचं दार) १९२.१६८.१.१.

इथे घाईने चुकीचं निदान होऊ शकतं. हा पत्ता ओळखीचा आहे, फायबरच्या डब्याच्या जाळ्यातला दिसतो. तेव्हा फोन डब्याच्या वाय-फायवर गेला असावा असंच कोणालाही वाटेल. पण फोन मेशच्या नावाला जोडलेला होता, आणि डब्याच्या वाय-फायचं नाव वेगळं. शिवाय फोन खरंच डब्याला जोडलेला असता, तर त्याचं इंटरनेट चाललं असतं.

पहिल्या मजल्यावर लॅपटॉप केबलने जोडला आणि पत्ता काही वेळा सोडून नव्याने मागितला. कधी ६८ चा मिळे, कधी १ चा. १ चा पत्ता असताना एआरपी तक्ता (कोणता आयपी पत्ता कोणत्या मॅक पत्त्याचा, याची यादी) उघडून १९२.१६८.१.१ चा मॅक पत्ता पाहिला. डब्याच्या पाठीवर छापलेल्या पत्त्याशी तो जुळेना. मॅक पत्त्याचे पहिले तीन भाग निर्मात्याचे असतात, आणि हे तीन भाग जुन्या राउटरच्या निर्मात्याचे निघाले. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकल्यावर पान उघडलं तेही जुन्या राउटरच्या लॉगिनचं. आयपी पत्ता कोणत्याही यंत्राला देता येतो, कारखान्यातून निघालेल्या दोन राउटरांचा तो एकसारखा असणं तर नेहमीचंच. यंत्राची खरी ओळख पटवायची तर मॅक पत्त्यापर्यंत जावं लागतं.

मग चित्र स्पष्ट झालं. जुना राउटर लॅन पोर्टने मेशच्या जाळ्यात बसलेला होता आणि त्याची डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटणारी, सेवा चालू होती. एखादं यंत्र जाळ्यात आलं की "कोणी पत्ता देता का" अशी हाक सगळ्या जाळ्यात टाकतं. केबल, स्विच, मेश सगळीकडून ती हाक सर्वत्र पोचते. मुख्य युनिटही उत्तर देतं आणि जुना राउटरही. यंत्रं बहुधा आधी आलेला प्रस्ताव स्वीकारतात. ज्याला जुन्या राउटरने गाठलं, त्याला असा गेटवे मिळतो, ज्याच्या पलीकडे काहीच जोडलेलं नाही. फोन कोणत्या मजल्यावर आहे याच्याशी संबंध नाही. ज्याच्याकडे आधीच चालू मुदतीचा पत्ता आहे तो सुखरूप राहतो, बाहेरून घरी परतलेला माणूस अडकतो. संध्याकाळी घरी येणाऱ्यांचेच फोन बिघडतात, यामागे एवढंच होतं.

"वॅनला काही जोडलेलं नाही म्हणजे राउटर काही करत नाही" हा समज फार पसरलेला आहे, म्हणून इथे थांबून सांगावंसं वाटतं. वॅन पोर्ट रिकामा असला तरी लॅनच्या बाजूची प्रत्येक सेवा चालूच असते. जुना राउटर नुसता स्विच म्हणून वापरायचा असेल, तर त्याची डीएचसीपी बंद करावी, त्याचा स्वतःचा पत्ता मुख्य जाळ्यातला आणि वाटपाच्या पट्ट्याबाहेरचा ठेवावा, आणि वाय-फाय एकतर बंद किंवा जाणीवपूर्वक चालू ठेवावा.

तिसरा दोष: अख्खं घर ठप्प

घरच्यांकडून ठप्प होण्याच्या वेळा विचारून घेतल्या होत्या. मुलगा म्हणाला, मी गच्चीवर अभ्यासाला बसलो की थोड्याच वेळात होतं. इतके दिवस ही तक्रार त्याच्या गेमवर ढकलली गेली होती. तो वर गेला की आधी काय करतो? लॅम्पसाठी पॉवर स्ट्रिप चालू करतो. त्याबरोबर जुना राउटर उठतो.

स्ट्रिप बंद केली, थोडं थांबून पुन्हा चालू केली, आणि जिन्याखाली स्विचसमोर उभं राहून पाहिलं. काही वेळा काहीच झालं नाही. मग एकदा स्विचचे सगळे दिवे एका लयीत, न थांबता, वेगाने लुकलुकायला लागले आणि घरातलं प्रत्येक यंत्र अडकलं. गच्चीकडे जाणारी एकच केबल स्विचमधून काढली. काही सेकंदांत सगळं पूर्ववत. इतर एकही डबा बंद करावा लागला नाही.

हे ब्रॉडकास्टचं, म्हणजे सगळ्यांना उद्देशून सोडलेल्या संदेशांचं, वादळ होतं, आणि वादळ होतं म्हणजे जाळ्यात कुठेतरी वळसा आहे. आयपी पॅकेटमध्ये आयुष्य मोजणारा आकडा असतो. प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो आणि शून्य झाला की पॅकेट टाकून देतो. इथरनेटच्या फ्रेममध्ये, म्हणजे केबलवरून जाणाऱ्या तुकड्यात, असं काही नाही. दोन ठिकाणांमध्ये दोन वाटा एकाच वेळी उघड्या राहिल्या, तर एक ब्रॉडकास्ट फ्रेम समोरासमोरच्या दोन आरशांतल्या प्रतिमेसारखी फिरत राहते, प्रत्येक फेरीत नव्या प्रती सोडत. यावरचा उपाय १९८५ साली रेडिया पर्लमन यांनी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना शोधला: स्पॅनिंग ट्री. जास्तीच्या वाटा ओळखून बंद ठेवायची ही पद्धत पुढे आयईईई या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या ८०२.१डी या मानकात आली. पण जिन्याखालच्या स्विचसारख्या साध्या, सेटिंग नसलेल्या स्विचमध्ये ती सहसा नसते.

वळसा कुठे होता? मेशच्या गच्चीवरच्या युनिटकडे दोन वाटा होत्या. एक केबलची, जुन्या राउटरमधून. दुसरी हवेतली, मेशची स्वतःची वायरलेस बॅकहॉल (युनिटांची आपसातली जोडणी). नीट चाललेल्या मेशमध्ये युनिटं केबलवरून एकमेकांना ओळखतात आणि हवेतली वाट त्या जोडणीपुरती मिटवतात. या ओळखीसाठी बऱ्याच संचांत २०१३ साली आलेलं आयईईई १९०५.१ हे मानक वापरतात. त्याच्या फ्रेम एका खास गटपत्त्यावर जातात, आणि काही जुने राउटर व स्विच त्या पुढे पाठवतच नाहीत. बाकी सगळी वाहतूक जाते, ओळखीच्या फ्रेम तेवढ्या गाळल्या जातात. परिणाम असा, की पलीकडे आपलंच युनिट आहे हे गच्चीवरच्या युनिटला केबलवरून कधी कळतच नाही. ते त्या पोर्टला टीव्ही किंवा कॉम्प्युटरसाठीचा पोर्ट समजतं आणि हवेतली वाट चालू ठेवतं.

हा आरोप सिद्ध करायला सोपी परीक्षा घेतली. गच्चीवरचं युनिट खाली आणून छोट्या केबलने मुख्य युनिटला थेट जोडलं. ॲपमध्ये "वायर्ड". मध्ये जिन्याखालचा स्विच घातला. तरीही "वायर्ड", म्हणजे स्विच निर्दोष. मध्ये जुना राउटर घातला. थोड्या वेळाने "वायरलेस". केबल लावलेली, पोर्टचा दिवा लागलेला, आणि बॅकहॉल हवेतून. युनिटची बॅकहॉल कशावरून आहे हे ॲपमध्ये त्या युनिटच्या तपशिलात आत कुठेतरी लिहिलेलं असतं, पहिल्या पानावर फक्त हिरवी खूण असते. घरच्यांनी आत कधी पाहिलं नव्हतं, आणि पाहावं असं त्यांना कोणी सांगितलंही नव्हतं.

मग घर कायमच ठप्प का नसे? आपणच सोडलेली फ्रेम परत आली तर पोर्ट रोखायची सोय या युनिटमध्ये होती, त्यामुळे एरवी ते सावरून घेई. लिंक नव्याने उठली की रोखेपर्यंतच्या वेळात वादळ उठायची संधी असे. एकदा उठलं की वळसा ओळखणारी फ्रेमही त्याच गर्दीत हरवे. म्हणून कधी होई, कधी नाही, आणि होई तेव्हा स्ट्रिप चालू झाल्यानंतरच.

जुना राउटर काढून टाकला. डीएचसीपी बंद करून तो ठेवता आला असता का? दुसरा दोष त्याने गेला असता, तिसरा राहिला असता. शिवाय त्याचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच होते. भिंतीतली केबल थेट मेशच्या युनिटमध्ये लावली आणि त्याच्या दुसऱ्या पोर्टला एक छोटा गिगाबिट स्विच दिला. मुलाला हवे तेवढे पोर्ट मिळाले. ॲपमध्ये गच्चीचं युनिट "वायर्ड" झालं.

प्रिंटर आणि दुहेरी नॅटचा निर्णय

प्रिंटर मेश येण्याआधीपासून फायबरच्या डब्याच्या वाय-फायवर होता, म्हणजे बाहेरच्या जाळ्यात. मेशवरच्या लॅपटॉपवरून प्रिंटरच्या पत्त्याला पिंग केलं, म्हणजे उत्तर देतो का म्हणून हाक दिली, तर उत्तर येत होतं, पण प्रिंटर शोधायला सांगितलं की सापडत नव्हता. नॅटमधून आतून बाहेर जाता येतं, म्हणून पिंग चालतं. शोध मात्र एमडीएनएस या शेजारची यंत्रं शोधायच्या पद्धतीच्या हाकेने होतो, ती २२४.०.०.२५१ या पत्त्यावर जाते आणि राउटर ओलांडत नाही. जे फोन अजून डब्याच्या वाय-फायवर होते, त्यांनाच प्रिंटर दिसत होता.

दुहेरी नॅटवर बरेच लोक हळू वेगाचं खापर फोडतात. साध्या वापरात त्याने वेगात जाणवण्याइतका फरक पडत नाही, आणि या घरातही पडलेला नव्हता. खरा त्रास अशा शोधाशोधीत, पोर्ट उघडण्यात आणि काही गेममध्ये होतो. तरीही इथे तो काढायचं ठरवलं, कारण प्रिंटरसाठी घरातली दोन जाळी एक करणं भाग होतं.

पर्याय दोन. डबा ब्रिज मोडमध्ये (नुसता सिग्नल पुढे देणारा) टाकून मेशला राउटर करायचं, किंवा मेश ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये (नुसतं वाय-फाय देणारं) टाकून डब्यालाच राउटर राहू द्यायचं. ब्रिज मोडचा मोठा फायदा म्हणजे सार्वजनिक पत्ता थेट आपल्या राउटरवर येतो. पण कंपनी वरच नॅट करत असल्याने तो फायदा या घराला मिळणारच नव्हता. शिवाय घराचा लँडलाइन फोन त्याच डब्यातून चालत होता, आणि ब्रिज केल्यावर तो चालू राहील याची खात्री कंपनीकडून मिळाली नाही. म्हणून मेश ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकला. असं केल्यावर मेशच्या ॲपमधल्या काही सोयी जातात, या संचात मुलांसाठीच्या वेळेच्या मर्यादा गेल्या. त्या या घरात कोणी वापरत नव्हतं. वापरत असते तर माझा सल्ला वेगळा असता.

डब्याचा वाय-फाय बंद केला, प्रिंटर मेशवर आणला आणि डब्यात त्याच्यासाठी पत्ता राखून ठेवला.

मोड बदलल्यावर लगेच टीव्ही बंद पडल्याची ओरड झाली. फोन आणि लॅपटॉप वाय-फाय तुटून पुन्हा जोडले गेल्याने नवे पत्ते घेऊन मोकळे झाले होते. टीव्ही मात्र स्विचमागे होता. मुख्य युनिट रीस्टार्ट झालं तरी टीव्ही ते स्विच ही लिंक एक क्षणही तुटली नाही, त्यामुळे काही बदललं आहे हे त्याला कळलंच नाही. तो ६८ चा जुना पत्ता धरून बसला होता. यंत्रं सहसा मुदतीचा अर्धा काळ उलटल्यावरच पत्त्याचं नूतनीकरण मागतात. केबल काढून पुन्हा लावली, टीव्ही सुरू झाला. जाळ्याचे पत्ते बदलले की स्विचमागच्या प्रत्येक यंत्राची केबल एकदा काढून लावावी. नाहीतर आपल्याच दुरुस्तीने काही मोडलं असं वाटून माणूस केलेलं काम उलटं फिरवतो.

जे राहिलं

ताईंचा एक जुना फोन पहिल्या मजल्यावर आला तरी तळमजल्याच्या युनिटला चिकटून राहतो. कोणत्या युनिटला जोडायचं हे शेवटी फोन ठरवतो. मेश ८०२.११के आणि ८०२.११व्ही या वाय-फाय मानकांतून त्याला सुचवू शकतो, पण हा फोन त्या सूचना मानत नाही. तळमजल्याच्या युनिटची २.४ गिगाहर्ट्झवरची शक्ती एक पायरी कमी केल्यावर बराच फरक पडला, पूर्ण नाही. त्याहून कमी केली तर तळमजल्याच्या टोकाच्या खोलीला सिग्नल पुरत नाही, म्हणून तिथेच थांबलो.

दुसरी गोष्ट फायबरच्या डब्याची. कंपनी तो डबा दुरून हाताळू शकते, आणि सॉफ्टवेअर बदललं की त्याचा बंद केलेला वाय-फाय पुन्हा चालू होण्याची शक्यता असते. म्हणून त्याचं नाव मेशपेक्षा वेगळंच ठेवलं आहे. जुन्या राउटरसारखा तो एकाच नावामागे लपणार नाही. चालू झालाच, तर फोनच्या यादीत वेगळं नाव दिसेल. ते दिसलं की आधी डब्याची डीएचसीपी आणि प्रिंटरचा राखीव पत्ता तपासायचा, असं ताईंनी जिन्याखाली चिकटवलेल्या नकाशावर लिहून ठेवलं आहे.